बाबांची तालीम

सोमवार, १० फेब्रुवारी

आज बाबांच्या हातून बाई गेल्या. म्हणजे पडद्यावर गेल्या, माझ्या मॉडेलमध्ये. खऱ्या बाई तपासण्या आटोपून घरी चहा पीत बसल्या असतील. पण पडदा लाल झाला की मी खुर्ची मागे सरकवते ती सरकवतेच. इतकी वर्षं हेच काम करतेय, पण मेलं अंगवळणी पडत नाही.

नीट लिहून काढते, म्हणजे डोकं तरी जागेवर येईल. बाई पोहायला शिकवतात. डोकेदुखी थांबेना म्हणून स्कॅन केला, तर मेंदूतल्या एका धमनीवर फुगा आलेला निघाला. तो कधीही फुटेल, किंवा कधीच फुटणार नाही. फुटला तर मात्र संपलं. म्हणून आधीच कवटी उघडून फुग्याच्या मानेला बारीकशी क्लिप लावायची आणि आत रक्त जाणंच बंद करायचं. हे बाबा करणार, या महिनाअखेरीला. त्याआधी स्कॅनवरून बाईंच्या रक्तवाहिन्या जशाच्या तशा कॉम्प्युटरवर उभ्या करायच्या, हे माझं काम. मग बाबा आमच्या खोलीत येऊन पडद्यासमोर बसतात, दोन हातांत दोन दांड्या धरतात आणि त्या मॉडेलवर अख्खं ऑपरेशन करून बघतात. धमनीला टेकलं की दांडीतून हाताला जोर जाणवतो. बाबांचा नियम आहे, तालीम स्वच्छ झाल्याशिवाय माणसाला हात लावायचा नाही.

आज क्लिप मानेशी नेली आणि मान फाटली. पुन्हा केलं, पुन्हा फाटली. बाबा दांड्या ठेवून म्हणाले, भिंत फार पातळ धरली आहेस. आणि निघून गेले.

धरली असेन. स्कॅनमध्ये रक्त दिसतं, रक्तवाहिनीची भिंत दिसतच नाही. रक्त जिथे संपतं तिथे भिंत आहे असं आम्ही समजायचं, आणि ती अमुक इतकी जाड असेल हेही आम्हीच ठरवायचं. लोकांना वाटतं केवढं शास्त्र. निम्मा कारभार अंदाजपंचे. त्यात अंदाज करणारी कोण, तर डॉक्टर व्हायला निघालेली आणि दोनदा प्रवेश हुकल्यावर कॉम्प्युटरकडे वळलेली मी.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

बाई मॉडेल बघायला आल्या होत्या, मुलीला घेऊन. ही बाबांची पद्धत, ज्याचं डोकं उघडायचं त्याला आत काय आहे ते आधी दाखवायचं. मी पडद्यावर धमन्या गोल फिरवून दाखवल्या. बाई पुढे वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, एवढंसं? एवढ्याशा बोंडाने माझी झोप उडवली? मुलगी दाराशी उभी, पडद्याकडे बघेचना. बाईच तिला चिडवत होत्या की लहानपणी पाण्यात उतरतानाही हिचं हेच, आधी भोकाड, मग उडी.

बाबांनी त्यांना धोके सांगितले. हेही सांगितलं की हे ऑपरेशन डावराही करू शकेल. डावरा म्हणजे बाबांच्या हाताखालचा सर्जन. डावखुरा आहे म्हणून बाबांनीच पाडलेलं नाव, आता सगळं हॉस्पिटल त्याला तेच म्हणतं. बाईंनी ते कानाआड केलं.

"माझ्याकडची मुलं घाबरली की मी त्यांना म्हणते, पाण्याकडे बघू नका, माझ्याकडे बघा," त्या म्हणाल्या. "तसं मी तुमच्याकडे बघतेय, डॉक्टर. आता दुसऱ्या कुणाकडे बघायला लावू नका."

बाबा हसले. कोटाच्या खिशातला हात बाहेर न काढता नुसतीच मान हलवली. बाबांना इतकं अवघडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हातारपणी कौतुक सोसत नाही बहुतेक.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

भिंत जाड केली. थोडीच, कारण जास्त करायला माझ्याकडे काही आधार नाही. बाबा आले, बसले, फाडली.

मग मला ऐकून घ्यावं लागलं. खरी धमनी ओल्या दोऱ्यासारखी नमतं घेते, तुझी कागदासारखी टरकन फाटते. तू आयुष्यात एकदा तरी जिवंत धमनीला हात लावला आहेस का? नाही लावलेला. हे बाबांनाही ठाऊक आहे आणि मलाही, पण डावरा तिथे उभा असताना ते म्हणायची काय गरज होती. माझे कान तापले. डावरा खिडकीबाहेर बघत राहिला, जसं काही तिथे सर्कस चालली होती.

घरी आल्यावर बाबा माझ्याकडे पाठ करून बसले. आई हल्ली त्यांना अर्धाच कप चहा देते. मी म्हटलं, अगं, पूर्ण भरून दे की, राग तरी उतरेल. तर माझ्यावरच डाफरली. या घरात कुणाला गंमतच कळेनाशी झालीय.

रविवार, १६ फेब्रुवारी

बाबांनी दाढी ठेवलीय. अख्ख्या आयुष्यात न दिसलेलं पांढरं जंगल. मी म्हटलं, ऋषी व्हायचा बेत दिसतोय. ते म्हणाले, कंटाळा येतो रोज खरडायचा. आई त्यांच्या शर्टाची बटणं लावत होती, तिने माझ्याकडे असं बघितलं की मी दाढीचा विषय सोडला. हे दोघं या वयात एकमेकांचे इतके लाड करतात याचं मला बरंच वाटलं, आणि थोडा हेवाही. माझी बटणं लावायला कुणी नाही.

दिवसभर स्कॅनचे काप एकेक करून पुन्हा तपासले. फुग्याची मान जिथे धमनीतून निघते तिथे दोन बारीक फांद्या एकमेकींना चिकटून जातात. वाटलं, मी त्या एकच समजले की काय. नव्हते समजले. माझी चूक कुठे आहे हेच सापडत नाही, आणि सापडत नाही म्हणजे ती नाही असं थोडंच आहे. हात टेकले मी.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

डावऱ्याने आज विचारलं, मी बसून बघू का. मी पहिलं मॉडेल लावून दिलं, पातळ भिंतीचं, म्हटलं बघ, तूच बघ. त्याने पहिल्याच झटक्यात क्लिप लावली. मान शाबूत. पुन्हा लावली. तरी शाबूत.

तो म्हणाला मॉडेल ठीक आहे, मॉडेलला काही झालेलं नाही. मग दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाला, "सरांच्या दांडीची रेघ काढून बघ एकदा. मी सांगितलं म्हणू नकोस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांनी याला बोट धरून शिकवलं. आमच्या घरी जेवून जेवून मोठा झाला. आणि आता हा दार लोटून घेऊन माझ्या कानाशी लागतोय. बाबांच्या खुर्चीवर याचा डोळा आहे हे आजवर पाहुणे म्हणायचे, मी हसण्यावारी न्यायचे. मी म्हटलं, तुला घाई झाली असेल तर सरळ सांग. त्याचा चेहरा पडला. दार उघडून निघून गेला.

रेघ मात्र काढली. दांडी कशी कशी फिरली ते सगळं कॉम्प्युटर साठवून ठेवतो. बाबांच्या उजव्या दांडीची रेघ कातरल्यासारखी आहे, बारीक बारीक दातेच दाते. म्हणजे दांडीचा सेन्सर गेला. हुश्श झालं. मॉडेलही नाही, भिंतही नाही, यंत्रच खरखर करतंय. आणि मी इथे स्वतःला शिव्या घालत बसले होते.

गुरुवार, २० फेब्रुवारी

दांड्या दुरुस्त करणारा आला. खोलून, पुसून, परत जोडून म्हणाला, ताई, यात काहीही बिघाड नाही. या लोकांचं हे नेहमीचं. बिघाड सापडला नाही की बिघाड नाही. मी म्हटलं, मग ही खरखर कुठून येते? तो म्हणाला, वापरणाऱ्याला विचारा. उद्धटपणा बघा.

डावऱ्याचीही रेघ काढून बघितली होती, ती सरळ का आली याचाही उलगडा झाला. तो मुख्य काम डाव्या दांडीने करतो, उजवी नुसती धरून ठेवतो. उजव्या दांडीचा दोष त्याच्या वेळी दिसणारच कसा. इतकी साधी गोष्ट आणि मी त्याच्या क्लिपकडे तोंडात बोट घालून बघत होते.

नवीन दांडी यायला कितीतरी आठवडे लागतील म्हणतात. तोवर थांबायला वेळ नाही. मी उजव्या दांडीवर फिल्टर बसवला. दांडीकडून येणारी बारीक थरथर गाळून टाकायची, हाताची मोठी हालचाल तेवढी पुढे जाऊ द्यायची. असले फिल्टर मी झोपेतही लिहू शकते. खरखर काढून टाकणं हेच तर आमचं आयुष्य.

सोमवार, २४ फेब्रुवारी

झालं. स्वच्छ झालं.

बाबा आले तेव्हा आधीच हरल्यासारखे बसले. खांदे पडलेले. मी काही सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, यंत्र दुरुस्त केलंय, आता बघा. त्यांनी क्लिप उचलली, मानेशी नेली आणि लावली. अशी लावली की बघत राहावं. मी लहान असताना ते मला मांडीवर घेऊन धाग्याच्या गाठी मारून दाखवायचे, तसा हात. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. मग दांड्या खाली ठेवल्या आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"खरं सांग," ते म्हणाले. "इतके दिवस चुकत होतं ते तुझं यंत्र, की मी?"

"यंत्र, बाबा. तुमचं कसं चुकेल?"

"नक्की?"

"अगदी नक्की."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते. मी डॉक्टर झाले नाही म्हणून या माणसाने मला कधी बोलून दाखवलं नाही आणि कधी माफही केलं नाही. आज पहिल्यांदा वाटलं की माझा यांना काही उपयोग झाला. घरी येताना ते शीळ वाजवत होते. आईला म्हणाले, आपल्या पोरीने मला वाचवलं. आई आनंदाने हसेल असं मला वाटलं होतं, पण ती त्यांच्याकडे नुसती बघत राहिली आणि मग आत गेली.

बुधवार, २६ फेब्रुवारी

फाटली. खरी फाटली.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

लिहवत नाही, पण न लिहिता बसवतही नाही. क्लिप मानेशी नेताना मान फाटली. पडद्यावर फाटायची तिथेच, तशीच. सगळं रक्ताने भरून गेलं. डावऱ्याने बाबांना बाजूला केलं आणि कशीबशी क्लिप लावली. बाई जिवंत आहेत. शुद्धीवर नाहीत.

बाबा बाहेर आले ते सरळ गाडीत जाऊन बसले. बाईंच्या मुलीला डावऱ्याने सांगितलं. मी जिन्याच्या तोंडाशी उभी होते, मला ऐकू येत नव्हतं, फक्त मुलगी मान हलवताना दिसत होती, जसं काही तिला कुणी रस्ता समजावून सांगतंय. शेवटी ती भिंतीला टेकून खाली बसली.

मी भिंत जाड केली. मी केली ती जाड. खरी पातळच होती, पहिल्यांदा धरली होती तेवढी. बाबांना खोट्या भिंतीवर तालीम करायला लावली आणि खऱ्याकडे पाठवलं.

मंगळवार, ४ मार्च

बाई जाग्या झाल्या. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. डोळे उघडे आहेत, माणूस ओळखतात, काही सांगायला जातात आणि तोंडातून एकच आवाज येतो. मुलगी त्यांना एकेका वस्तूचं नाव विचारते. चमचा. उशी. बाई प्रयत्न करतात, जमत नाही, मग डोळ्यांतून पाणी येतं. मी दारातूनच परत आले.

हॉस्पिटलात कुजबुज चालू आहे की मॉडेल चुकीचं होतं. मी कुणाला नाही म्हटलं नाही. खापर माझ्याच डोक्यावर फुटायला हवं. नोकरी सोडायचं बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, खुळेपणा करू नकोस. तालीम स्वच्छ झाली होती, हात ठीक होता. धमनीच कुजकी निघाली, कधी कधी निघते, त्याला कोण काय करणार. इतक्या शांतपणे म्हणाले की मला त्यांचा आधार वाटायला हवा होता. उलट मला तिथून उठून जावंसं वाटलं. का ते कळलं नाही.

बुधवार, १२ मार्च

पुढचा पेशंट आलाय. गवंडी आहे, कामावर चक्कर येऊन पडला म्हणून स्कॅन केला. तसाच फुगा, जरा मोठा. बाबांनी ऑपरेशन घेतलंय. स्कॅन माझ्या टेबलावर येऊन पडलेत आणि मला त्यांना हात लावावासा वाटत नाही.

दुपारी डावरा आला. या वेळी दार लोटून घेतलं नाही. म्हणाला, ऑपरेशनच्या सूक्ष्मदर्शकात दोघांना बघता येतं. सर काम करत होते ते मी दुसऱ्या बाजूने बघत होतो. अवजाराचं टोक सारखं हलत होतं. गेलं वर्षभर हलतंय, पण इतकं कधी नाही.

"मग तू थांबवलं का नाहीस?" मी विचारलं.

"सरांना मी सांगणार? म्हणून तर तुला सांगितलं होतं. आणि मग कळलं की तालीम स्वच्छ झाली. मला वाटलं, माझंच चुकलं असेल." जरा थांबून म्हणाला, "तालीम स्वच्छ कशी झाली गं?"

तो गेल्यावर फिल्टर काढला आणि उजवी दांडी माझ्या हातात धरली. हे मी इतके दिवस का केलं नव्हतं? दुरुस्तीवाल्याला बोलावलं, त्याच्याशी भांडले, फिल्टर लिहिला, पण एकदा स्वतः धरून बघायचं सुचलं नाही. फुग्याच्या मानेभोवती हात फिरवला आणि रेघ काढली. सरळ. दाता नाही की काही नाही. सरळ रेघ.

दांडीत खरखर कधीच नव्हती. अर्धा कप चहा, दाढी, बटणं, सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं आणि मी विनोद करत होते. बाबांचा हात थरथरत होता तो मी गाळून टाकला आणि त्यांना म्हटलं, बघा, किती छान. त्या बाईंना मी मारलंय. जिवंत आहेत, पण मारलंय.

सोमवार, १७ मार्च

गवंड्याचं मॉडेल तयार केलं. भिंत नेहमी धरतो तेवढीच धरली. फिल्टर लावला नाही. बाबांना आधी सांगावं असं दहादा मनात आलं, जीभ उचलली नाही.

ते बसले. मान फाटली. पुन्हा केलं. फाटली.

"भिंत," बाबा म्हणाले. "पुन्हा पातळ धरलीस."

"नाही बाबा. भिंत ठीक आहे."

"मग दांडी."

"दांडीही ठीक आहे. मी स्वतः धरून बघितली."

ते माझ्याकडे वळले. मग उजवा हात पुढे केला, बोटं पसरून, आम्हा दोघांच्या मध्ये. लपवला नाही. हात हलत होता. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो.

"बाईंच्या वेळी?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. रेघ, खरखर, फिल्टर, सगळं. मला रडू येत होतं आणि रडायचा मला हक्क नाही असंही वाटत होतं. मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मी तालमीला बसत नव्हतो गं," ते म्हणाले. "जन्मभर जे केलं त्याची तालीम मला कशाला लागते? हात अजून चालतोय का, तेवढं बघायला बसत होतो. तुझी आई बोलेना, डावरा बोलेना. म्हटलं, यंत्राला काही माझी भीड नाही. फाटलं असतं शेवटपर्यंत, तर बाईंना त्याच्याकडे सोपवणार होतो. त्यांनी कितीही हट्ट धरला असता तरी."

मग म्हणाले, चल. कुठे ते विचारावं लागलं नाही. बाईंच्या खोलीत मुलगी त्यांना भरवत होती. बाबा पलंगाशी उभे राहिले आणि त्यांनी दोघींना सांगितलं, माझा हात थरथरतो, तो त्या दिवशीही थरथरत होता. मी सांगितलं की ते मला दिसलं होतं आणि मी ते झाकलं, चुकून झाकलं. बाईंना किती कळलं कोण जाणे. त्या बाबांच्याच तोंडाकडे बघत होत्या, नजर न हलवता.

मुलीने वाटी खाली ठेवली. तिने एकच विचारलं, "त्या दुसऱ्या डॉक्टरांनी केलं असतं तर आई आज बोलली असती?"

मला वाटलं बाबा म्हणतील, सांगता येत नाही. डॉक्टर असंच म्हणतात आणि ते खोटंही नसतं.

"हो," बाबा म्हणाले. "बोलली असती."

मुलीने आईचं तोंड पुसलं, पांघरूण सारखं केलं, आणि आमच्याकडे न बघता म्हणाली की आता तुम्ही जा.